निबंध खोडला गेला आणि मुलगा विचारू लागला, “आई, काय लिहू?”

प्रश्न : माझा मुलगा सांगलीतील एका अनुदानित शाळेत चौथीच्या सेमी इंग्रजी वर्गात शिकतो. वर्गात 58 मुले आहेत. दुसरीपर्यंत तो दिवसभर काही ना काही घडवत असे. खोक्यांची घरे, वायरचे पूल, स्वतः रचलेल्या गोष्टी, असे सतत चालू असायचे. सहामाही परीक्षेच्या आधी ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधात त्याने लिहिले की, त्याला पावसाळा आवडत नाही, कारण पाऊस वाढला की आजी आयर्विन पुलाजवळचे पाणी किती फुटांवर आले ते रात्रभर विचारत राहते आणि आम्ही धान्याचे डबे माळ्यावर चढवतो. बाईंनी निबंधावर काट मारून 10 पैकी 3 गुण दिले आणि गाइडमधला ‘पावसाळा’ तीन वेळा लिहून आणायला सांगितला. तेव्हापासून तो काही लिहिण्याआधी, अगदी चित्र काढण्याआधीही, “आई, काय लिहू? हे बरोबर आहे का?” असे विचारतो. त्याच्या बाबांना त्याला शिष्यवृत्ती आणि ऑलिंपियाडच्या क्लासला घालायचे आहे, तर मला वाटते की निदान रविवारी चित्रकलेचा क्लास लावावा आणि स्पर्धांना बसवावे. पाच वर्षांची 98 टक्के मुले प्रतिभावान असतात, मोठेपणी 2 टक्केच उरतात आणि हे शाळेमुळे होते, असा संदेश मला मोबाइलवर आला. हे खरे आहे का? आम्ही शाळा बदलावी का?
– एक आई, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाने लिहिलेला निबंध चांगला आहे, हे मी सर्वांत आधी सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. त्या घटनांची छाया घरात अजून कशी वावरते, हे एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाने आजीच्या प्रश्नातून आणि धान्याच्या डब्यांतून दाखवले आहे. आवड-नावड सांगितली, कारण दिले, कारणाला घरातला पुरावा जोडला. निबंधाने जे करायला हवे ते सारे त्याने केले. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर त्या वेगळ्या दाखवता आल्या असत्या. तो निबंध फाडला गेला नसेल तर जपून ठेवा. शाळेशी बोलताना त्याचा उपयोग होईल आणि मुलालाही तो जपल्याचे कळेल.

आता मोबाइलवरच्या संदेशाविषयी. 98 आणि 2 टक्क्यांचा तो आकडा जॉर्ज लँड या अमेरिकी लेखकाच्या पुस्तकातून आणि भाषणातून पसरला आहे. इतर अभ्यासकांनी पारखून घेतलेल्या संशोधनाचा दर्जा त्याला देता येत नाही, त्यामुळे त्या आकड्याने घाबरून जाऊ नका. तुमच्या मुलाच्या इयत्तेशी जास्त जवळचे काम ई. पॉल टॉरन्स या मानसशास्त्रज्ञाचे आहे. सर्जनशीलता मोजण्याच्या कसोट्या तयार करणाऱ्या टॉरन्स यांना 1960 च्या दशकात असे आढळले की, अनेक अमेरिकी मुलांचे या कसोट्यांमधले गुण चौथीच्या सुमारास खाली येतात. नंतरच्या अभ्यासांत अशी घसरण काही ठिकाणी दिसली, काही ठिकाणी दिसली नाही. म्हणजे ती अटळ नाही आणि कायमचीही नाही. या वयात मूल आपले काम इतरांच्या कामाशेजारी ठेवून पाहू लागते, आपला घोडा खऱ्या घोड्यासारखा दिसत नाही हे त्याला कळू लागते आणि हसे होण्याची भीती पहिल्यांदाच नीट जाणवते. नेमक्या त्याच वेळी शाळेत उत्तरपत्रिका आणि गुण यांचे वजन वाढते. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे दोन्ही एकाच सहामाहीत घडले आहे.

तरीही “शाळा सर्जनशीलता मारते” हे विधान मी तसेच्या तसे स्वीकारणार नाही. पाढे, शुद्धलेखन, व्याकरण, सुवाच्य अक्षर, कवितांचे पाठांतर यांनी कल्पनाशक्ती मरत नाही. ज्याच्याजवळ शब्द कमी त्याच्या कल्पनेलाही जागा कमी मिळते. याचे उदाहरण तुमच्या शेजारीच, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कामातली शिस्त फार कडक आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आणलेला भोपळा वाळवणे, निवडणे, कापणे, लाकडाशी जोडणे यात शिकाऱ्याची वर्षे जातात. पण प्रत्येक भोपळ्याचा आकार वेगळा असतो, आणि शेवटी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी लावताना (हवा तो नाद येईपर्यंत ती घासताना) कारागिराला स्वतःच्या कानाने ठरवावे लागते की हा नाद लागला की नाही. इतकी वर्षे शिस्त घोटवून घेणारा उस्तादही त्या क्षणी शिकाऱ्याला “तुला काय ऐकू येते?” असे विचारतो. शिस्तीने कान तयार होतो आणि तयार झालेल्या कानावर विश्वास ठेवला जातो. आपल्या वर्गांमध्ये पहिला भाग बराचसा होतो. दुसऱ्याची वेळ मात्र येतच नाही, कारण तिथे उत्तर आधीच छापून ठेवलेले असते.

माझा रोख या छापील उत्तरावर आहे. त्याची सवय किती खोल गेली आहे हे दहावीच्या मराठीकडे पाहिले की कळते. मंडळाने जुनी प्रश्नपत्रिका बदलून कृतिपत्रिका आणली आणि तिच्यात विद्यार्थ्याचे स्वतःचे मत मागणारे, ‘स्वमत’ म्हणून ओळखले जाणारे प्रश्न घातले. हेतू उत्तम होता. परंतु थोड्याच काळात स्वमताची तयार उत्तरे मार्गदर्शकांत छापून आली आणि मुले दुसऱ्याने लिहिलेले स्वतःचे मत पाठ करू लागली. परीक्षेचे स्वरूप बदलले तरी एकच उत्तर सुरक्षित असते ही समजूत बदलली नाही. तुमच्या मुलाला तीच समजूत चौथीत मिळाली आहे. पावसाळा हा ऋतू ‘आवडायचा’ असतो आणि निबंधात मोर नाचलाच पाहिजे, हे तो आता शिकला आहे. म्हणून तो तुम्हाला विचारतो. हा विसराळूपणा नाही आणि आळसही नाही. स्वतःच्या बघण्यावर विसंबणे महागात पडते हे त्याने अनुभवाने जाणले आहे, आणि त्या अनुभवातून निघालेला हा पूर्ण समंजस निष्कर्ष आहे.

बाईंचाही विचार करू. 58 मुलांच्या वह्या प्रत्येकी पाच मिनिटे तपासायच्या म्हटल्या तरी एका निबंधाला जवळजवळ पाच तास लागतात. शिवाय आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी, संकलित चाचण्या, ऑनलाइन भरायची माहिती आणि “आमच्या मुलाचे गुण का कापले” असे विचारायला येणारे पालक आहेतच. सगळ्यांनी एकसारखे लिहिले की तपासणे सोपे जाते आणि कोणी तक्रार करत नाही. त्यांचे वागणे मला पटलेले नाही. आजीच्या काळजीवर काट मारणे आणि शिक्षा म्हणून तीन वेळा लिहायला लावणे चूकच आहे. पण ते दुष्टपणातून आले असे गृहीत धरून तुम्ही भेटायला गेलात तर दार बंद होईल.

कायदा मात्र तुमच्या मुलाच्या बाजूने आहे, हे तुम्हाला ठाऊक असावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 यातील कलम 29 अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसे असावे ते सांगते. कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिक्षण व्हावे, मूल भय, दडपण आणि चिंता यांपासून मुक्त असावे आणि त्याला आपली मते मोकळेपणाने मांडण्यास मदत व्हावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. महाराष्ट्रात या कायद्यानंतर आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प अशी साधने दिली आहेत, लेखी चाचणी हे त्यांतले केवळ एक. त्याच कायद्याच्या अनुसूचीतली एक अट मला नेहमी खटकते. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला आणि कार्यशिक्षणाचे शिक्षक, तेही अंशकालीन, पटसंख्या 100 च्या वर असेल तरच देणे बंधनकारक आहे. पहिली ते पाचवीसाठी तर स्वतंत्र कलाशिक्षकाची अटच नाही. परिणामी चित्रकलेचा तास वेळापत्रकात असतो आणि परीक्षा जवळ आली की त्यात गणित घेतले जाते. हे सुधारणे शासनाचे काम आहे आणि पालकांनी शाळा व्यवस्थापनाच्या बैठकांत ते मागितले पाहिजे. तुमचा मुलगा मात्र तोवर थांबू शकत नाही.

म्हणून आधी वर्गशिक्षिकांना भेटा, आणि पालक सभेत चारचौघांत न भेटता वेळ मागून एकट्या भेटा. निबंध बरोबर न्या. गुणांविषयी बोलू नका. घरात पुराच्या वेळी काय झाले, आजी अजून का घाबरते, हे त्यांना सांगा. निबंधामागचे घर दिसले की बहुतेक शिक्षकांचे मन वळते, असा माझा शिक्षक प्रशिक्षणातला अनुभव आहे. त्यानंतर दोनच विनंत्या करा. एक, भाषेच्या चुका लाल शाईने दाखवाव्यात, पण आशयावर काट मारू नये. दोन, त्याचे लिखाण चुकले तर गाइडमधले उतरवायला न लावता त्याचेच लिखाण सुधारून आणायला सांगावे. जमले तर निबंधाचा विषय थोडा बदलून देता येईल का, हेही सुचवा. ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर 58 निबंध एकसारखे येतात. ‘पाऊस वाढला की आमच्या घरी काय होते’ या विषयावर ते एकसारखे येऊच शकत नाहीत. कोणाच्या घरी भजी होतात, कोणाचे वडील द्राक्षबागेच्या काळजीत असतात, कोणी शामरावनगरात गुडघाभर पाण्यातून शाळेला येतो. बाईंनाही वाचताना कंटाळा येणार नाही, आणि हे त्यांना पटण्याजोगे कारण आहे.

मुलापुढे बाईंना नावे ठेवू नका, परंतु खोटेही बोलू नका. “तू लिहिलेले खरे होते आणि मला ते आवडले. बाईंना दुसऱ्या प्रकारचा निबंध हवा होता. त्यांच्याशी मी बोलणार आहे,” एवढे त्याला सरळ सांगा. दहा वर्षांच्या मुलाला हे समजते. जे घडले त्याविषयी घरातले सगळे गप्प राहिले, तर चूक आपलीच होती असा अर्थ तो लावेल.

यापुढचा भाग तुम्हाला थोडा कठीण वाटेल, कारण तो तुमच्या बेताच्या विरुद्ध जातो. चित्रकलेचा क्लास आणि स्पर्धा सध्या नकोत. याचे कारण एका जुन्या प्रयोगात आहे. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. चित्र काढणे ज्यांना मनापासून आवडते अशीच मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत तेच रंगीत पेन टेबलावर मांडून ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले बाकीच्यांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांकडे वळली. बक्षीस वाईट असते असा याचा अर्थ नाही, कारण अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड कमी झालेली दिसली नाही. पण जे काम मूल आनंदाने करत होते त्याला आधीपासून मोबदल्याची अट घातली की ते मोबदल्याचे काम होऊन बसते. ज्या मुलाला आत्ता प्रत्येक रेघेला “बरोबर आहे का?” असे विचारावेसे वाटते, त्याला रविवारी आणखी एका परीक्षकासमोर बसवू नका.

पुढे सातवी-आठवीत त्याला स्वतःहून शिकावेसे वाटले तर शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा आहेतच. त्यांतले स्मरणचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन यांमुळे हात खरोखर तयार होतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मात्र बसवू नका.

आत्ता त्याला एक साधी, कोरी, बिनरेघांची वही आणून द्या आणि घरातल्या सगळ्यांनी एक नियम पाळा : या वहीत कोणी दुरुस्ती करायची नाही, कोणी गुण द्यायचे नाहीत आणि तो दाखवील तेव्हाच पाहायची. दाखवलीच तर “छान, सुंदर” असे म्हणून मोकळे होऊ नका, कारण कौतुक हाही एक निकालच आहे आणि आत्ता तो निकालाचाच भुकेला झाला आहे. त्यापेक्षा “हा पूल इथेच का वळवलास?”, “ही बाई कोणाशी बोलते आहे?” असे विचारा. त्याचे चित्र स्टेटसला लावू नका. आजीला तिच्या लहानपणच्या कृष्णाकाठाच्या गोष्टी त्याला सांगू द्या आणि त्याने लिहिल्या तर त्याच वहीत लिहू द्या. “आई, काय लिहू?” असा प्रश्न आला की उत्तर देण्याची घाई करू नका. “तुला काय आठवते?” असे विचारा आणि तो सांगेपर्यंत थांबा. पहिले काही आठवडे तो चिडेल, कदाचित रडेलही. तरी थांबा.

शाळेचे प्रकल्प कोण करते, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. पण मी जी घरे पाहतो त्यांतल्या बहुतेक घरांत आई करते, रात्री अकराला, स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या छापील चित्रांचा तक्ता चिकटवून. तुमच्याकडे तसे असेल तर ते आजपासून थांबवा. त्याचा प्रकल्प वाकडातिकडा होईल आणि शेजारच्या मुलाचा प्रकल्प त्याच्या आईने देखणा केलेला असेल. ते अन्यायाचे वाटेल, तरीही त्याने स्वतः केलेला वाकडा पूल त्याला काहीतरी शिकवतो, तुम्ही केलेला सरळ पूल काहीच शिकवत नाही. खोकी, सुतळी, वायर, जुन्या घड्याळाचे भाग असे सामान घराच्या एका कोपऱ्यात पडू द्या आणि संध्याकाळचा काही वेळ कशालाही न बांधता सोडा. वेळ नसेल तर बाकीचे सगळे उपाय कागदावरच राहतात.

याच कारणासाठी त्याच्या बाबांना माझा निरोप द्या की दोन क्लास एकदम नकोत. शिष्यवृत्ती परीक्षेला माझा विरोध नाही. तिच्यातले बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न कित्येक मुलांना कोड्यासारखे आवडतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या गुणी मुलांना या परीक्षेने मोठा आधार दिला आहे. तिची तयारी घरी, बाबांनी स्वतः रोज अर्धा तास त्याच्याबरोबर बसून केली तर उत्तमच. एखादे उदाहरण दोन रीतींनी सुटते का, हे बाप-लेकांनी मिळून शोधले तर शाळेत जे हरवले आहे त्यातले काही इथे परत मिळेल. ऑलिंपियाड यंदा सोडून द्या.

राहिला शाळा बदलण्याचा प्रश्न. वेगळ्या रीतीने शिकवणे आपल्या भागात अशक्य आहे असे कोणी म्हणाले तर ते मानू नका. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा प्रशासकीय गट) जिल्हा परिषद शाळांनी, तत्कालीन शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने, ज्ञानरचनावादी पद्धत वर्गात आणली. फरशीवर आखलेल्या आकृत्या, काड्या, मणी, चिठ्ठ्या यांतून मुले स्वतः करून शिकू लागली. ते काम पाहायला राज्यभरातून शिक्षक आले आणि 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात त्या शाळांचे उदाहरण सर्वत्र दिले गेले. फलटणमध्ये डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवनात मुलांच्या स्वतःच्या बोलण्याला आणि लिहिण्याला भाषा शिक्षणात महत्त्वाचे स्थान दिले गेले. कुमठ्याच्या शाळा सरकारी होत्या, मुले शेतकऱ्यांची आणि मजुरांची होती, साहित्य स्वस्त होते. मोठी फी हे सर्जनशील शाळेचे लक्षण नव्हे, हे यातून ध्यानात घ्या. सांगली-मिरजेत सर्जनशील शिक्षणाची जाहिरात करणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत.

एखादी शाळा पाहायला गेलात तर इमारत आणि संगणक कक्ष पाहून परत येऊ नका. वर्गाच्या भिंतीवर मुलांनी लिहिलेले काही आहे की फक्त छापील तक्ते आहेत, ते पाहा. चित्रे लावलेली असतील तर तीसही चित्रांत डोंगरामागून एकच सूर्य उगवतो का, ते पाहा. एका इयत्तेच्या तीन मुलांच्या निबंधाच्या वह्या मागून घ्या आणि शेजारी ठेवून वाचा. तिन्हींत तेच वाक्य आढळले तर ती शाळा आणि तुमची आत्ताची शाळा यांत फीचाच फरक आहे. मधल्या सुट्टीत मुले शिक्षकांना प्रश्न विचारताना दिसतात का, हेही थोडे रेंगाळून पाहा.

माझे मत असे की चौथीचे हे वर्ष इथेच पूर्ण करावे. त्याचे मित्र इथे आहेत, शाळा घराजवळ आहे आणि पाचवीत शिक्षक बदलण्याची शक्यता आहे. बाईंशी बोलून, वही सुरू करून, क्लास टाळून दोन-तीन महिने द्या. तो स्वतःहून काही लिहू किंवा बांधू लागला, तुम्हाला न विचारता एखादी गोष्ट चुकीची करून बसला, तर शाळा बदलण्याची गरज नाही. उलट शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखू लागले, झोप बिघडली, वही उघडताना हात थांबू लागला किंवा वर्गात अपमान चालूच राहिला, तर वर्षाअखेरची वाट न पाहता आधी मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या आणि मुलाला बालमानसतज्ज्ञांना दाखवा. अशा स्थितीत शाळा बदलणे योग्य ठरेल, आणि त्या वेळी नव्या शाळेत जाताना त्याचा तो पावसाळ्याचा निबंध बरोबर घेऊन जा, म्हणजे ती शाळा तो कसा वाचते हे तुम्हाला पहिल्याच भेटीत कळेल.